धिवेहीतला ‘ण’ कॉम्प्युटरवर कसा आणायचा (पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी)

मालदीवची भाषा धिवेही आणि तिची लिपी थाना. या लिपीतलं एक अक्षर आहे ज्याला तिथे णवियनी म्हणतात, आणि उच्चार म्हणाल तर सरळ आपला ण, बाणातला, पाण्यातला. मराठी माणसाला यात शिकण्यासारखं काही नाही असं वाटेल, पण हे अक्षर कॉम्प्युटरवर शोधायला गेलात की ते जिथे असायला हवं तिथे नसतं, कीबोर्डवर पटकन दिसत नाही, आणि सापडलं तरी सॉर्टिंगमध्ये, सर्चमध्ये, फॉर्ममध्ये काही ना काही घोळ घालतं. मी एकदा जुन्या धिवेही मजकुराची फाइल साफ करून द्यायचं काम घेतलं होतं, दोन दिवसांचं समजून घेतलं आणि आठवडा गेला, त्यातला निम्मा वेळ या एका अक्षरापायी. तेव्हा जे हाताला लागलं ते इथे लिहून ठेवतोय, म्हणजे तुमचा तरी आठवडा वाचेल.

एक सूचना आधीच. ते अक्षर मी या लेखात कुठेही छापलेलं नाही, मुद्दाम. ते तुम्हीच तुमच्या स्क्रीनवर आणायचं आहे. आलं तर फॉन्ट आहे हे कळेल, चौकोनी डबा आला तर नाही हे कळेल.

आधी थोडं, हे अक्षर बाहेर का पडलं

थाना उजवीकडून डावीकडे लिहितात. आजच्या वर्णमालेत मुख्य अक्षरं २४. पहिली नऊ अक्षरं म्हणजे चक्क अरबी १ ते ९ आकडे आहेत, आणि त्यापुढची नऊ तिथल्या जुन्या स्थानिक आकड्यांवरून बनलेली आहेत, अशी आकड्यांतून वर्णमाला तयार झालेली लिपी मी तरी दुसरी बघितलेली नाही.

या रांगेत णवियनी सोळाव्या नंबरावर होतं. राजधानी मालेच्या बोलीत ण आणि न यांचा फरक पुसला गेला होता, लोक न म्हणायचे आणि लिहिताना मात्र कुठे ण कुठे न हे पाठ करायला लागायचं. (आपल्याकडे ‘पानी’ म्हणणाऱ्याला शाळेत ‘पाणी’ लिहायला लावतात तसंच काहीसं.) मग १९५३ मध्ये मोहम्मद अमीन दीदी यांनी, म्हणजे मालदीवच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांनी, सरकारी लिखाणातून हे अक्षर काढून टाकलं आणि त्याच्या जागी नूनू, म्हणजे साधा न, लिहायचं ठरलं. सोळावी खुर्ची रिकामी झाली, तिच्यावर बाविसाव्या नंबरावरचं ञवियनी येऊन बसलं. म्हणजे ण उठला आणि ञ बसला. इंग्रजी स्पेलिंगमध्ये ही दोन नावं इतकी सारखी दिसतात की नवा माणूस हमखास गंडतो, आपल्याला देवनागरीमुळे ण आणि ञ वेगळे दिसतात हा आपला फायदा आहे, तो घ्या.

पण अक्षर मेलं नाही. जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांमध्ये ते छापलं जातं, आणि मालदीवच्या दक्षिणेला अड्डू बेटांकडे बोलीत ण अजून जिवंत असल्यामुळे तिथली माणसं आपल्या बोलीत गाणी-कविता लिहिताना ते वापरतात. ळ मात्र मालेतही टिकलाय, लिपीत त्याला ळवियनी म्हणतात, आणि ‘अटोल’ हा जगभर चालणारा शब्द मुळात धिवेहीतला ‘अतोळु’ आहे, त्यातला ळ इंग्रजांना झेपला नाही इतकंच. आणि हो, थाना फक्त मालदीवची नाही, लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटावर हीच भाषा बोलतात आणि हीच लिपी लिहितात, म्हणजे ही भारतातलीही लिपी आहे.

पायरी १ : त्याचा नंबर लक्षात ठेवा

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एक नंबर असतो हे ऐकलं असेलच. थानासाठी १९२० ते १९८३ अशा ६४ जागा राखून ठेवल्यात. १९९९ मध्ये युनिकोड ३.० आलं तेव्हा त्यातल्या ४९ भरल्या, त्या अशा की आधी २४ मुख्य अक्षरं, मग अरबी शब्द लिहिण्यासाठी टिंबं दिलेली १४, मग दहा स्वरचिन्हं ज्यांना फिली म्हणतात, आणि शेवटी सुकून, म्हणजे आपल्या हलन्तासारखं चिन्ह. यात णवियनी नव्हतंच! सरकारी वर्णमालेत नाही म्हणून यादीत नाही. ते आलं २००२ मध्ये, युनिकोड ३.२ मध्ये, आणि तोवर रांग लागून गेलेली असल्यामुळे त्याला शेवटी, सुकूनच्याही मागे, पन्नासावी जागा मिळाली. युनिकोडमध्ये एकदा दिलेला नंबर बदलत नाहीत, त्यामुळे सोळाव्या जागेवर परत जाणं आता शक्य नाही.

नंबर आहे १९६९. साल वाटतं ना, म्हणून लक्षात राहतो. पण कॉम्प्युटरवाले हा नंबर सोळाच्या पाढ्याने, म्हणजे हेक्समध्ये लिहितात (त्यात नऊनंतर ए ते एफ ही अक्षरं आकडे म्हणून येतात), तो ०७बी१ असा. इथे मी देवनागरीत लिहिलाय, टाईप करताना मात्र इंग्रजी आकडे आणि इंग्रजी बी, मधे स्पेस नाही. त्याचं अधिकृत नाव आहे ‘थाना लेटर ना’. णवियनी म्हणून यादीत शोधाल तर सापडणार नाही, आणि ते ‘ना’ वाचून नूनू समजू नका, नूनू वेगळं, त्याचा नंबर १९२२, सोळाच्या पाढ्यात ०७८२.

आपल्याकडेही असंच झालंय हं. ‘ॲप’मधला ॲ बघा. मराठीला तो रोज लागतो, पण युनिकोडमध्ये तो २००८ ला आला, ५.१ मध्ये, आणि अ-आ-इ-ईच्या रांगेत नाही तर पार पूर्णविरामाच्या दंडाच्या आणि देवनागरी आकड्यांच्याही पलीकडे जाऊन बसला. ज्यांनी मराठी फॉर्म बनवलेत त्यांना ॲने कधीतरी छळलेलं असणार. णवियनीचं दुखणं तेच आहे.

पायरी २ : टाईप करा

विंडोजवर वर्ड असेल तर सगळ्यात सोपं. ०७बी१ टाईप करा, लगेच ऑल्ट दाबून एक्स दाबा, अक्षर येतं. लिब्रेऑफिसमध्येही हेच चालतं, फक्त नंबराच्या आधी यू आणि अधिकचं चिन्ह लावा. आणि याच कीजची उलटी गंमत जास्त कामाची आहे, एखाद्या अक्षराच्या लगेच नंतर कर्सर ठेवून पुन्हा ऑल्ट-एक्स दाबलं की त्या अक्षराचा नंबर दिसतो. समोरचं अक्षर णवियनी आहे की नूनू अशी शंका आली की मी डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही, हे करतो. ०७८२ आला तर नूनू, ०७बी१ आला तर आपलं.

वर्ड नसेल तर विंडोजचं कॅरेक्टर मॅप उघडा, त्यात ॲडव्हान्स्ड व्ह्यूची टिक लावली की ०७बी१ टाकायची जागा दिसते. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी कंट्रोल-शिफ्ट-यू, मग ७बी१, मग एंटर. मॅकवर कीबोर्डच्या यादीत युनिकोड हेक्स इनपुट ॲड करा आणि ऑप्शन दाबून ठेवून चारही अंक-अक्षरं टाईप करा. गूगल डॉक्समध्ये इन्सर्टमधून स्पेशल कॅरेक्टर्समध्ये जाऊन सर्चमध्ये ०७बी१ टाकलं तरी येतं.

रोजचं काम असेल तर प्रत्येक वेळी हे करणं म्हणजे डोक्याला ताप, मग विंडोजच्या भाषांच्या यादीतून दिवेही ॲड करा (तिथे धिवेही नाही, दिवेही असं लिहिलेलं असतं). तिचे दोन कीबोर्ड मिळतात, फोनेटिक आणि टाईपरायटर. नवीन माणसाने फोनेटिक घ्यावा. बाकी मजकूर त्याने टाईप करा, आणि णवियनी त्यात सापडलं नाही तर एकदा वरच्या पद्धतीने आणून ऑटोकरेक्टमध्ये शॉर्टकट लावून टाका. फोनवरही तेच, एकदा कॉपी करून पर्सनल डिक्शनरीत टाकून ठेवायचं.

वेब पेज लिहित असाल तर अँपरसँड, हॅश, १९६९ आणि सेमीकोलन, झालं. पायथनमध्ये सीएचआर फंक्शनला १९६९ द्या. इथे एक मजा, पायथनच्या इंट फंक्शनला अवतरणात देवनागरी ‘१९६९’ दिलं तरी ते बरोबर समजून घेतं, पण कोडमध्ये थेट देवनागरी आकडे लिहिले की एरर.

पायरी ३ : डबा आला तर

चौकोनी डबा दिसला म्हणजे अक्षर चुकलं असं नाही, अक्षर तिथे आहे, फक्त त्याचं चित्र तुमच्या फॉन्टमध्ये नाही. घाबरून डिलीट करू नका. विंडोजमध्ये थानासाठी एमव्ही बोली नावाचा फॉन्ट असतो, आणि नोटो सान्स थाना फुकट डाउनलोड करता येतो, तो टाकून बघा. कधी कधी असं होतं की बाकी सगळी ओळ छान दिसते आणि एवढं एकच अक्षर डबा किंवा वेगळ्याच जाडीचं दिसतं, कारण फॉन्ट बनवणाऱ्याने आजची २४ घेतली आणि हे सोडलं. म्हणून क्लायंटला फॉन्ट सुचवायच्या आधी ०७बी१ टाकून बघायचंच, नुसतं ‘थाना सपोर्ट आहे’ असं लिहिलेलं पुरत नाही.

पायरी ४ : फिली लावा

थानामध्ये व्यंजन एकटं उभं राहत नाही. आपल्याकडे नुसता ण लिहिला की त्यात अ असतोच, तिथे तसं नाही, अ-साठीसुद्धा अबफिली लावावी लागते. फिली अक्षराच्या वर किंवा खाली येते, पण टाईप करताना आधी व्यंजन आणि मगच फिली. ण पाहिजे तर १९६९ आणि मग १९५८ (०७ए६), णु पाहिजे तर १९६९ आणि मग १९६२ (०७एए), पाय मोडका ण् पाहिजे तर १९६९ आणि १९६८ (०७बी०). आधी फिली टाईप केलीत तर ती मागच्या अक्षराला चिकटते आणि तुम्ही म्हणता फॉन्ट खराब आहे.

बिनफिलीचं अक्षर दिसलं तर बहुतेक वेळा टायपिंगची चूक असते. अपवाद नूनूचा, तो पुढच्या अक्षरात मिसळणारा अर्धवट अनुनासिक असेल तर मोकळाच लिहितात. त्यामुळे फाइल साफ करताना ‘जिथे फिली नाही तिथे सुकून लाव’ असला आगाऊ नियम चालवू नका. मी चालवला होता.

पायरी ५ : बाइट्स समजून घ्या, गणित चौथीचं आहे

युनिकोडचा नंबर फाइलमध्ये बाइट्स म्हणून लिहायच्या पद्धतीला एन्कोडिंग म्हणतात, आणि आज सगळीकडे चालणारं एन्कोडिंग म्हणजे यूटीएफ-८. त्यात हे अक्षर कसं साठवतात ते कागदावर करून बघा. १९६९ ला ६४ ने भागा. भागाकार ३०, बाकी ४९. भागाकारात १९२ मिळवा, २२२ झाले. बाकीत १२८ मिळवा, १७७ झाले. बस, २२२ आणि १७७ हे दोन बाइट म्हणजे णवियनी, सोळाच्या पाढ्यात डीई आणि बी१.

आता गंमत बघा, १९२० पासून १९८३ पर्यंत कुठलाही नंबर घ्या, ६४ ने भागल्यावर भागाकार ३० च येतो. म्हणजे थानाच्या प्रत्येक अक्षराचा पहिला बाइट २२२ च. २०४७ पर्यंतचे नंबर दोन बाइटमध्ये मावतात, आपला ण २३३९ वर असल्यामुळे त्याला तीन लागतात, म्हणजे फिली न धरता नुसतं अक्षर धिवेहीत एक बाइट स्वस्त पडतं.

याचा प्रत्यक्ष उपयोग म्हणजे फाइल चुकीच्या एन्कोडिंगमध्ये उघडली गेली तर लगेच ओळखता येतं. २२२ नंबरवर जुन्या पाश्चात्त्य एन्कोडिंगमध्ये थॉर्न नावाचं आइसलँडिक अक्षर आहे, उभ्या काठीला मधोमध पोट आलेलं असं दिसतं. धिवेही फाइल उघडल्यावर एकाआड एक ते पोटवालं अक्षर दिसायला लागलं की समजा मजकूर शाबूत आहे, फक्त चष्मा चुकीचा आहे. णवियनी असेल तिथे थॉर्न आणि त्याला लागून ± असं दिसेल.

अशी फाइल परत यूटीएफ-८ म्हणून उघडा, पण तशीच सेव्ह करू नका. कारण विंडोज-१२५२ म्हणून जे एन्कोडिंग आहे त्यात पाच बाइट रिकामे आहेत, १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७, आणि काही प्रोग्रॅम तिथे अडतात किंवा ते गाळून टाकतात. थानात हे बाइट शवियनी, लामू, ञवियनी, सीनू आणि अरबीसाठीच्या शीनूला लागतात, म्हणजे सेव्ह झाल्यावर स, ल, श सारखी अक्षरं गायब. आपलं णवियनी १७७ वर असल्यामुळे यातून वाचतं, एवढ्या एका बाबतीत शेवटची जागा त्याला फळली म्हणायची.

डेटाबेसचं एक पटकन सांगतो. मायएसक्यूएलचं जुनं तीन बाइटवालं यूटीएफ-८ असलं तरी थानाला अडचण येत नाही, इमोजीला येते. कॉलम लॅटिनवर ठेवला असेल तर मात्र प्रश्नचिन्हं येतील आणि ती प्रश्नचिन्हं परत अक्षरं होत नाहीत.

पायरी ६ : तीन खड्डे

पहिला खड्डा व्हॅलिडेशनचा, म्हणजे फॉर्ममध्ये भरलेलं चालेल का ते तपासण्याचा. लोक चार्ट बघतात, पहिलं अक्षर ‘हा’ नावाचं, शेवटी सुकून, आणि रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे कुठली अक्षरं चालतील ते सांगणाऱ्या कोडमध्ये, ०७८० ते ०७बी० अशी रेंज टाकतात. णवियनी एका घराने बाहेर! अड्डूच्या माणसाने आपल्या बोलीतली कविता त्या फॉर्ममध्ये टाकली की ‘फक्त धिवेहीत लिहा’ असा मेसेज येणार, त्याने धिवेहीतच लिहिलेलं असताना. रेंज ०७बी१ पर्यंत न्या, किंवा तुमच्या लँग्वेजमध्ये लिपीच्या नावाने मॅच करता येत असेल तर थाना असं नाव द्या आणि नंबर विसरा. रेंज घेताना दुसरंही लक्षात घ्या, की सुकूनपर्यंतची चिन्हं फिली आहेत आणि त्यांच्या मागे परत एक व्यंजन आहे, ‘अमुक नंबरानंतर सगळ्या मात्रा’ असं गृहीत धरलेला कोड णवियनीला मात्रा समजतो.

दुसरा सॉर्टिंगचा. नुसत्या नंबरावर सॉर्ट केलं की ण-चे सगळे शब्द यादीच्या शेवटी. जुन्या पुस्तकाची सूची करताय तर णवियनी सोळावं आणि ञवियनी बाविसावं असा क्रम स्वतः लिहून द्या. आजच्या वाचकासाठी करताय तर बऱ्याच जणांना ते नूनूजवळच सापडावंसं वाटेल. यात बरोबर-चूक नाही, पण कुठला क्रम घेतला हे वर एका ओळीत लिहून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी तुम्हीच बग म्हणून बदलाल.

तिसरा आणि माझ्या मते सगळ्यात वाईट, सर्चसाठी केलेली सफाई. आजचा वाचक नूनू टाईप करणार, जुन्या मजकुरात णवियनी असणार, कॉम्प्युटरला ही दोन पूर्ण वेगळी अक्षरं, त्यामुळे काहीच सापडत नाही. युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं, चालवून उपयोग नाही, त्यात यांचं नातं जोडलेलंच नाही. मग कोणीतरी हुशारी करतं आणि फाइंड-रिप्लेस मारून सगळे ण न करून टाकतं. सर्च चालायला लागतो, सगळे खूश. पण परत जायचा रस्ता बंद होतो, कारण कुठला न मुळात ण होता हे त्या फाइलमध्ये आता कुठेच राहिलेलं नाही. मूळ मजकूर जसा आहे तसा ठेवा, सर्चसाठी वेगळी कॉपी करा आणि १९६९ च्या जागी १९२२ फक्त त्या कॉपीत टाका, वाचकाने टाईप केलेल्या शब्दावरही तोच बदल चालवा. मिनिटाचं काम आहे.

पायरी ७ : मराठीच्या ओळीत बसवताना

वेब पेजवर धिवेही तुकड्याला भाषेचा कोड डीव्ही द्या आणि दिशा आरटीएल, म्हणजे उजवीकडून डावीकडे. एखादाच शब्द मराठी वाक्याच्या मधे येत असेल तर तो बीडीआय टॅगमध्ये गुंडाळा, म्हणजे त्याच्या शेजारचा कंस किंवा विराम उडी मारून भलतीकडे जाणार नाही. आकड्यांचं जरा चमत्कारिक आहे. देवनागरी आकडे युनिकोडच्या दृष्टीने डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या अक्षरांसारखेच पक्के असतात, इंग्रजी आकडे मात्र शेजाऱ्याच्या कलाने घेतात, आणि थानाच्या शेजारी आले तर अरबी आकड्यांचे नियम लावून घेतात. म्हणून ‘१०-१२’ असं काहीतरी मराठीत नीट दिसतं आणि तेच इंग्रजी आकड्यांत धिवेही शब्दामागे उलटसुलट दिसतं. विरामचिन्हं धिवेहीत अरबी वळणाची असतात, उलटा स्वल्पविराम, उलटं प्रश्नचिन्ह, ती आपल्या कीबोर्डवरून टाकू नका.

कधी वाटतं की एवढ्या छोट्या लिपीसाठी किती हा कुटाणा, पण १९७६ मध्ये टेलेक्स मशीनवर थाना चालत नाही म्हणून तिथल्या सरकारने रोमन लिपी आणली होती, लोकांना ती नको होती, आणि १९७८ मध्ये सत्तेवर आल्यावर मौमून अब्दुल गयूम यांनी थाना परत आणली. मशीनला जमत नाही म्हणून लिपी बदलायची हे तिथे एकदा करून झालंय.

आता चाचणी करा. रिकाम्या फाइलमध्ये एका ओळीवर १९२२ चं अक्षर, दुसऱ्या ओळीवर १९३५ चं (सोळाच्या पाढ्यात ०७८एफ), तिसऱ्यावर १९६९ चं, म्हणजे न, ञ, ण. यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, ‘बीओएम’ (फाइलच्या सुरुवातीला लागणारी न दिसणारी खूण) असा पर्याय विचारला तर नको म्हणा. मग फाइलची साइज बघा. तीन अक्षरांचे सहा बाइट आणि मधल्या दोन एंटरचे दोन, लिनक्स-मॅकवर ८ दिसले पाहिजेत, विंडोजच्या नोटपॅडमध्ये एंटरचे दोन-दोन धरून १०. याहून वेगळा आकडा आला तर शेवटी जास्तीचा एंटर पडलाय का ते आधी बघा, आणि तो नसेल तर पायरी दोनवर परत जा.